आखडणारा रुपया आणि कौसल्याबाई

कौसल्याबाईंसमोर ‘स्वस्ताई’ हा शब्द काढायची सोय नव्हती.

बिदर जिल्ह्यातल्या आमच्या दुबलगुंडीत बसथांब्याजवळ एक चहाचं हॉटेल आहे. तिथं सकाळी सकाळी म्हातारी मंडळी जमायची आणि जुन्या काळाचे गोडवे गायची. रुपयाला पायल्यांनी जोंधळा यायचा, चार आण्यांत अख्ख्या घराचा बाजार व्हायचा, आताच्या पोरांना काय ठाऊक, वगैरे वगैरे. कौसल्याबाई नेमक्या त्याच वेळी शाळेला निघालेल्या असत. उंच, किडकिडीत, हातात छत्री आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कानावर ते बोलणं पडलं की त्या थांबायच्या आणि वर्गात पोराला विचारावं तसं विचारायच्या, “आप्पा, तो एक रुपया कमवायला तुमाला किती दिवस राबावं लागत व्हतं?”

आप्पा कपात बघायचे. बाई पुढं जायच्या. हॉटेलवाला सांगायचा, की लांबून छत्री दिसली की म्हातारे विषय बदलून गुडघेदुखीवर येतात.

बाई एका संस्थेच्या मराठी शाळेत गणित शिकवायच्या आणि आमच्याच गल्लीत, आमच्या समोरच्या घरात राहायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, एक भाचा तेवढा हैदराबादेत. गल्लीतल्या कुठल्याही घरात कुठलीही वस्तू आली की ती बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय जुनी व्हायची नाही. मी नवी चप्पल घालून मिरवत गेले तर त्या विचारायच्या, “कितीला?” हे कुणीही विचारील. पण आकडा सांगितला की त्यांचं समाधान व्हायचं नाही. “म्हंजे किती रोजाची?” हा त्यांचा खरा प्रश्न. रोज म्हणजे बाईमाणसाच्या खुरपणीचा एक दिवस. बाईंची आई जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली, आणि बाई स्वतः मॅट्रिक होईपर्यंत सुटीत तिच्यासोबत जायच्या. तेव्हापासून त्यांचं माप तेच. चप्पल दोन रोजाची, ट्रान्झिस्टर महिन्याभराच्या रोजाचा, सरपंचाची मोटारसायकल दोन जन्मांची. एकदा टीव्हीवर कुठल्याशा क्रिकेटवाल्याला लिलावात मिळालेला आकडा ऐकून त्या बोटांवर भागाकार करायला लागल्या आणि मध्येच सोडून दिला. “ह्याच्यात सारा बिदर जिल्हा खुरपून हुतंय,” म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

मी पाचवीत असताना त्यांनी आम्हाला एक घरचा अभ्यास दिला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या, की तुमच्या तरुणपणी एका रुपयात काय यायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता गोंधळ. एकाच्या आज्यानं सांगितलेला जोंधळा आणि दुसऱ्याच्या आज्यानं सांगितलेला जोंधळा काही केल्या जुळेना. दोघंही एकाच काळाबद्दल सांगत होते. “माझा आज्जा खोटं बोलत न्हाई” यावरून दोन पोरांनी एकमेकांची कॉलर धरली. बाईंनी त्यांना सोडवलं नाही. आधी विचारलं, “तुझा आज्जा कुठं व्हता रं त्या वक्ताला?” एक म्हणाला, इथंच, कमठाण्याला. दुसरा म्हणाला, सोलापूरला, गिरणीत. बाईंनी फळ्यावर दोन गोल काढले. एकात लिहिलं हाली, दुसऱ्यात कलदार. निजामाच्या राज्यात चालायचा तो हाली रुपया, इंग्रजांचा तो कलदार, आणि कलदाराला थोडं जास्तच यायचं. म्हणजे दोन्ही आजे खरे होते, रुपयेच दोन होते. पोरांनी एकमेकांची कॉलर सोडली.

मग बाईंनी दुसरा अभ्यास दिला. आता जाऊन विचारा, तो रुपया किती दिवसांनी हाताला लागायचा. मी माझ्या आज्जीला विचारलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, “रुपया? रुपया मी लग्नात बगितला. माझ्या हातात कोण देतंय? दिवसभर राबलं की पदरात जोंधळा घालायचे, शेर-दीड शेर.” मला वाटलं उत्तर आलं नाही म्हणून बाई रागावतील. मी खाली मान घालून ते सांगितलं. बाईंनी वर्गाला वह्या उघडायला लावल्या आणि आज्जीचं बोलणं जसंच्या तसं सगळ्यांना उतरवून घ्यायला सांगितलं. “रुपयाच्या गोष्टीत हे बी यायला पाहिजे,” एवढंच म्हणाल्या.

लग्नाकार्यात बाईंचा आहेर हा गावात चेष्टेचा विषय होता. त्या पाकीट कधी द्यायच्या नाहीत. शिवलेल्या कापडी पिशवीत पाच किलो तुरीची डाळ, वर हळद-कुंकवाचा एक ठिपका, आणि ती पिशवी त्या स्वतः मांडवात नवरीच्या आईच्या हातात द्यायच्या. नवऱ्याकडची माणसं हसायची. “बाई, वरण करायला आलाव का लगीन बघायला?” कुणी तरी विचारायचंच. बाईही हसायच्या. “पाकिटातलं तुमी उद्या इसरताव. वरण आठ दिवस खाताव.” मग एका साली तुरीचा भाव असा काही चढला, की पाकिटं देणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. त्या साली मांडवात बाईंची पिशवी आली की नवरीची आई ती उचलून थेट आतल्या खोलीत नेऊन ठेवायची.

आता मी त्या दिवसाकडं येते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले आहे.

वडिलांनी गुलबर्ग्याला दुसरं घर केलं, तेव्हा आई मला आणि माझ्या लहान भावाला घेऊन माहेरी, मामाकडं आली. मामा सेंट्रिंगच्या कामावर जायचा, त्याची स्वतःची तीन पोरं होती, आणि आज्जीही त्याच्याकडंच. एका उन्हाळ्यात समाजातल्या चार जाणत्यांनी आईची पोटगी ठरवायला विहाराच्या ओट्यावर बैठक बसवली. वडील आले होते, पण ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले ते थोरले चुलते. निर्ण्याला, वडिलांच्या गावी, त्यांची नि वडिलांची सामाईक शेती होती, त्यात वडिलांचा वाटा चार एकर.

चुलत्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि जाहीर केलं, “म्हैन्याला तीनशे. तिला जीव हाय तंवर. उगं घासाघीस नको. आपल्यात कुणी एवढं दिलंय का, हुडकून दाखवा.”

त्या वेळी तीनशे ही खरंच मोठी रक्कम होती. मामाचा चेहरा उजळला. स्टँप पेपर आणलेला होता, लिहिणाऱ्यानं पेनाचं टोपण काढलं होतं. बाई बायकांच्यात, भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, “तीनशेत काय काय येतंय, जरा सांगा की.”

चुलत्यांना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी एकेक बोट दुमडत सांगितलं. वर्षाचे मिळून चार पोती जोंधळा येईल, अर्धं पोतं तूर येईल, करडीच्या तेलाचा डबा, दोन लुगडी, पोरांचे कपडे, वर शाळेचा खर्च. आणखी काय पाहिजे माणसाला?

“मग हेच लिहा की,” बाई म्हणाल्या. “आकडा कामून लिहायलाव?”

कुणाला आधी कळलंच नाही. मग कुणी तरी हसलं. चुलत्यांच्या कपाळाला आठी पडली. “बाई, रोख दिलं की ज्याला पाहिजे ते घ्यावं. आमी काय किराणा दुकान टाकलाव?”

“दुकान न्हाई, रान हाय की तुमचं.”

“तुमाला तीनशे कमी वाटायलेत का?”

“आज कमी न्हाईत. आज लई हायेत.”

चुलते उठलेच. जमत असेल तर बघा, नाही तर कोर्टात जा, आम्ही निघालो, म्हणाले. आणि इथं मामा बाईंवर तुटून पडला. माझा मामा गरीब स्वभावाचा, त्याचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. “बाई, तुमचं गणित शाळंत ठिवा. ह्ये मोडलं तर ह्या तिघांच्या पोटाला मी कुठून घालू?” त्याचं काहीच चुकत नव्हतं. कोर्टात गेलेल्या बाया आम्हाला ठाऊक होत्या. तारखा करता करता त्यांची पोरं बापाएवढी व्हायची.

त्यात आईनंही बाईंची बाजू घेतली नाही. ती डोक्यावरचा पदर न हलवता म्हणाली, “मला त्या रानातलं पोतं माझ्या दारात नको. नोटंवर कुणाचं नाव नसतंय. पैसेच द्या.”

म्हणजे देणारा, घेणारी आणि मध्ये बसलेले सगळे एका बाजूला, आणि बाई एकट्या दुसऱ्या बाजूला. दुसरं कुणी असतं तर गप बसलं असतं. बाई उठून घरी गेल्या. रुसून गेल्या असं सगळ्यांना वाटलं. पण त्या परत आल्या, त्या काखेत पितळेची घागर घेऊन. ती रिकामी घागर त्यांनी बैठकीच्या मधोमध ठेवली.

“ह्ये माझं लगीन,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचा बाप रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. पोरगी पाळण्यात असतानाच त्यानं तिच्या लग्नासाठी पॉलिसी काढली. तेव्हाचा हिशेब असा, की त्या पैशात एक तोळा सोनं, संसाराची सगळी भांडी आणि गावजेवण होईल. आईनं खुरपून, बापानं पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले. “पैसे सगळे आले. एक पै कमी न्हाई. कुणी फसिवलं न्हाई, कुणी खाल्लं न्हाई. लग्नाच्या दिवशी त्याच पैशात ही घागर आली आन् दोन लुगडी आली. बाप घागरीकडं बघत बसला, त्याला कळंना, चूक कुठं झाली.” बाई आईकडं वळल्या. “लुगडं धुतलं की आखडतंय बघ, तसा रुपया दर सालाला आखडतंय. पोट आखडत न्हाई.”

बाई आईच्या जवळ जाऊन बसल्या. पुढचं बोलणं फक्त आईसाठी होतं, पण मी तिच्या पाठीला चिकटून बसले होते म्हणून मला ऐकू आलं. “तुझा राग खरा हाय. मी न्हाई म्हणत न्हाई. पण हे पोरगं अजून बालवाडीत हाय. ह्यो कमवाय लागंपर्यंत तीनशेत काय ईल, मला सांगता येत न्हाई. मी गणिताची बाई हाय, मला बी येत न्हाई. एका पोत्याच्या भाकरी किती हुतेत, तेवढं सांगता येतंय.”

भाऊ आईच्या मांडीवर झोपला होता. आईनं त्याच्या तोंडावरची माशी हाकलली. “लिहा,” ती म्हणाली.

आता चुलते. बाई त्यांना गोड आवाजात म्हणाल्या, “आण्णा, तुमालाच सोपं हाय. दर म्हैन्याला रोख काढायची कटकट न्हाई. रानातलं पोतं उचलायचं, गाडीत घालायचं.” चुलत्यांनी मनातल्या मनात काही हिशेब केला असावा, कारण ते पुन्हा बसले. यात आपलाच फायदा आहे असं त्यांना वाटलं असणार, आणि बाईंनी त्यांना तसं वाटू दिलं. लिहिणाऱ्यानं लिहिलं. तो शाळेच्या खर्चापाशी आला तेव्हा बाईंनी त्याला थांबवून पुढं चार शब्द घालायला लावले. ‘त्या-त्या वर्षी असेल तो.’

पहिली दोन-तीन वर्षं मामा बाईंशी नीट बोलत नव्हता. रोख आली असती तर पत्र्याचं छप्पर झालं असतं, हे त्याच्या मनातून जाईना. मग हळूहळू त्याचं बोलणं परत आलं. कधी आणि कसं, ते कुणी ठरवून केलं नाही. किराणा दुकानातून दर साली महागलेली तेलाची बाटली घेऊन येताना माणूस आपोआप शहाणा होतो. सुगी झाली की निर्ण्याहून गाडी यायची. आई दारात यायची नाही, ती आत चुलीपाशी बसून राहायची. पोती उतरवून घ्यायच्या त्या बाई. मध्ये एकदा वडील स्वतः आले होते, तीनशेचे पाचशे करतो, पोती बंद करू, म्हणून. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि आल्या वाटेनं लावून दिलं.

बारावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. फी ऐकून वडिलांनी निरोप धाडला, नर्सिंग म्हणजे काही शाळा नव्हे. बाई मला घेऊन बसनं निर्ण्याला गेल्या. त्या भांडल्या नाहीत. चुलत्यांच्या पडवीत बसून त्यांनी फक्त विचारलं, “तुमच्या घरी कुणी आजारी पडलं तर सुई टोचणारी शिकलेली पाहिजे का बिनशिकलेली?” चुलते हसले. म्हातारपणी ते बरेच मऊ झाले होते. फी आली. आज मी बिदरच्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. माझ्या हाताखाली नव्या पोरी येतात, त्या पहिल्या पगाराचा आकडा मला हरखून सांगतात. अंगावरचा हा पांढरा कोट बाईंनी घातलेल्या त्या चार शब्दांचा आहे. हे मी कुणाला फारसं सांगत नाही, पण पगार झाला की दर महिन्याला मला ते आठवतं. त्या दिवशी जे तीनशे रुपये नाकारले, त्यात आज आमच्या गावात खुरपायला जाणाऱ्या एका बाईचा एक रोज भागतो. बाईंच्याच मापानं मोजते मी.

बाई कधी चुकल्या नाहीत असं मात्र कुणी समजू नये. निवृत्त झाल्यावर त्यांना संस्थेकडून एकरकमी पैसे मिळाले. पेन्शन नव्हती. रुपयावर तर त्यांचा विश्वास नव्हताच. त्यातल्या बऱ्याच पैशांची त्यांनी तूर घेतली, ती नेमकी भाव चढलेल्या साली, आणि पोती घरात रचून ठेवली. पुढच्या साली भाव धाडकन खाली आला. त्याहून वाईट म्हणजे तुरीला कीड लागली. भुंगे बाईंच्या पांघरुणापर्यंत आले. “रुपया आखडतंय, तूर उडून जातंय,” असं त्या स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगायच्या. हुमनाबादच्या बाजारात भाजीवाल्यानं त्यांचं दहाचं नाणं परत केलं, तीही गोष्ट त्यांनी अशीच रंगवून सांगितली होती. नाणं खरं, सरकारी, पण तो म्हणाला, “नक्को अम्मा, आगे कोई नै लेता.” बाईंनी त्याच्याशी हुज्जत घातली नाही. “बरोबर हाय त्याचं. फुडचा घेतंय म्हणून तर रुपया रुपया ऱ्हातंय,” असं मला कौतुकानं सांगत होत्या. आम्ही हसायचो. उरलेले पैसे त्यांनी बँकेत ठेवले होते आणि व्याजावर घर चालत होतं. ते कसं चालत असेल, हा हिशेब एवढं शिकूनही आमच्यापैकी कुणी केला नाही.

तो आईनं केला. चुलतमामाच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात बाई आल्या, नवरीच्या आईजवळ गेल्या आणि तिच्या हातात त्यांनी एक पाकीट दिलं. एकशे एक रुपयांचं छापील पाकीट, बाजारात मिळतं तसलं. बायका म्हणाल्या, बाई सुधारल्या एकदाच्या. बाईही हसल्या. आई माझ्या शेजारी बसली होती. ती पंगतीतून अर्ध्यात उठली आणि हात धुऊन आली. “बाईच्या घरी डाळ न्हाई,” ती मला म्हणाली.

त्याच वर्षी सुगी झाल्यावर निर्ण्याहून टेंपो आला. तोवर वडील जाऊन काही वर्षं झाली होती, चुलतेही गेले होते. पोती आता अनिल आणायचा. अनिल म्हणजे वडिलांच्या दुसऱ्या घरचा मुलगा, आमचा सावत्र भाऊ. त्याला कुणी जाब विचारणार नव्हतं, पण कागदावर लिहिलंय म्हणून तो न चुकता यायचा. मी रजेवर गावी होते. अनिलनं पहिलं पोतं पाठीवर घेतलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आई दारात आली.

“ते तिकडं,” तिनं समोर हात केला. “बाईच्या घरी. दोन पोती तिकडं उतरव.”

बाई नेहमीसारख्या पोती मोजायला रस्त्यात उभ्या होत्या. त्या लगबगीनं आपल्या दारात जाऊन आडव्या उभ्या राहिल्या. “हे काय करायलीस? माझं नाव कागदावर न्हाई.”

“जोंधळा माझा हाय. कुठल्या दारात उतरवायचा ते मी बघीन.”

“मग भाव सांग. मी पैसे देते.”

“पैसे घिऊन काय करू?” आई म्हणाली. “तुमीच नको म्हणून सांगितलाव.”

गणिताच्या बाई रस्त्यात, दिवसाउजेडी, उत्तर न सुचून उभ्या आहेत, असं दृश्य गल्लीनं त्याआधी पाहिलं नव्हतं. “बाई, लवकर ठरवा,” अनिल वाकल्या वाकल्या म्हणाला. “पाठ मोडायलीय.”

बाई दारातून बाजूला सरकल्या.

पुढच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. मी दवाखान्यात होते, भावाचा फोन आला. शेवटचं दर्शन झालं नाही याचं मला वाईट वाटतं, पण फार नाही, कारण डोळे मिटले की मला बाई त्या दिवसाच्या दिसतात. अनिलनं दोन्ही पोती आत ठेवली, पहिल्याची शिवण त्यांनी विळीनं कापली. वरचा माल चांगला आणि तळाला भेसळ असं नको म्हणून पोत्यात खोलवर हात घालून बघायची आमच्याकडं रीत आहे. बाईंनी वाकून कोपरापर्यंत हात जोंधळ्यात घातला. आई उंबऱ्यावर उभी होती, मी तिच्या मागं. बाईंची पाठ आमच्याकडं होती. त्या तशाच वाकून राहिल्या, हात न काढता, मान न वळवता, कितीतरी वेळ. जोंधळा तपासायला एवढा वेळ लागत नाही.